लंडनच्या पिंजऱ्यात अकोल्याचा पहिला नंबर

इंगोलश्टाटमध्ये राहून मी वीसेक वर्षं इंग्लंडच्या कायद्याची नोकरी केली, असं सांगितलं की आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत समोरचा माणूस आधी हातातला मोदक खाली ठेवतो. "म्हणजे तुम्ही रोज लंडनला?" असं विचारून होतं. मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तो मूळ मुद्द्यावर येतो. त्याच्या म्युनिकच्या घरमालकाने डिपॉझिट अडकवून ठेवलेलं असतं आणि आता काय करायचं, हे त्याला माझ्याकडून फुकटात हवं असतं. मी त्याला सांगते, बाबा रे, मला जर्मन कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. हे ऐकल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडतो आणि तो पुन्हा मोदक उचलतो.

तर आधी हे कोडं सोडवून टाकते. पुण्यात एलएलबी झाले, नवऱ्याची नोकरी लंडनला होती म्हणून तिथे परीक्षा देऊन सॉलिसिटर झाले आणि जरा बस्तान बसतंय तोवर नवऱ्याला इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कारखान्यात मोठी जागा मिळाली. डॅन्यूबच्या काठी इंग्लंडचा कायदा घेऊन मी काय करणार होते? पण गाड्यांचे पंप बनवणाऱ्या एका इथल्याच कंपनीला (नाव सांगणार नाही, अजून त्यांचंच पेन्शन खातेय मी) नेमकी अशीच बाई हवी होती. त्यांचा माल जगभर जायचा. करार करताना जर्मन म्हणायचा आमचा कायदा लावा, कोरियन म्हणायचा आमचा. दोन व्याही हॉलवरून भांडले की शेवटी तिसऱ्याच गावातलं कार्यालय ठरतं, तसं शेवटी ठरायचं, इंग्लंडचा कायदा आणि लंडनचं कोर्ट. दोघांनाही तो नीट कळत नसे, त्यामुळे दोघांनाही तो न्याय्य वाटे.

माझे वरिष्ठ होते हेर ब्रुनर. अस्सल बायर्नचा, म्हणजे बव्हेरियाचा माणूस, स्वतः कायदा शिकलेला, टेबलावर लाल रंगाचं जाडजूड कायद्याचं पुस्तक. मी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "वो श्टेट दास?" म्हणजे, हे कुठे लिहिलंय? जर्मन कायद्यात प्रत्येक गोष्टीला कलम असतं, त्या कलमाला पोटकलम आणि त्या पोटकलमात वाक्य क्रमांक दोन. मी म्हणायचे, इंग्लंडमध्येही संसद कायदे करते, पण करारांचा आणि नुकसानभरपाईचा बराचसा कायदा कलमात नसतोच मुळी. तो जुन्या निकालांमध्ये असतो. वरच्या कोर्टाने एकदा एक गोष्ट ठरवली की खालच्या कोर्टांनी तीच री ओढायची. एका बाईला पेयाच्या बाटलीत गोगलगाय सापडली. निदान तिचं म्हणणं तसं होतं, कारण गोगलगाय खरोखर होती की नाही हे शेवटपर्यंत सिद्धच झालं नाही. पण त्या निकालावर आजही कारखानदार गिऱ्हाइकाला जबाबदार ठरतात. आणि गंमत म्हणजे ती बाई आणि बाटली दोन्ही स्कॉटलंडची, जिथला कायदाच इंग्लंडहून वेगळा.

"आल्झो, थोडक्यात," ब्रुनर म्हणाले, "आमचा पंप, आणि स्कॉटलंडची नसलेली गोगलगाय?"

"हो."

त्यांनी लाल पुस्तक उघडलं, थोडा वेळ चाळलं आणि बंद केलं. त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

कोर्टांची उतरंड सांगितली तेव्हा तर मी थट्टा करतेय असंच त्यांना वाटलं. अगदी तळाला मॅजिस्ट्रेट. त्यांतले बहुतेक जण साधे नागरिक असतात, कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी दुकानदार. पगार नाही, कायद्याची पदवी नाही. शेजारी कायदा जाणणारा एक सल्लागार बसतो आणि हे देशातले बहुतेक फौजदारी खटले निकालात काढतात. मोठे गुन्हे वर क्राउन कोर्टात जातात, तिथे बारा सामान्य माणसांची ज्युरी. पैशाअडक्याचे आणि करारांचे दावे लहान असले तर काउंटी कोर्टात, मोठे असले तर हायकोर्टात. त्यावर अपील कोर्ट आणि सर्वांत वर सुप्रीम कोर्ट, जे वयाने माझ्या लग्नापेक्षा लहान आहे. त्याआधी ते काम संसदेच्या वरच्या सभागृहातले काही लॉर्ड करायचे. "म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या घरातच कायद्याचा शेवटचा अर्थ?" ब्रुनरनी विचारलं. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. आणि इंग्रजांना त्यात शतकानुशतकं काही वावगं वाटलं नव्हतं.

वकिलांच्याही दोन जाती. सॉलिसिटर म्हणजे आम्ही, लग्नघरातल्या मामासारखे. गिऱ्हाइकाशी बोलायचं, कागद गोळा करायचे, साक्षीदारांना वेळेवर हजर करायचं आणि सगळ्यांची बोलणी खायची. बॅरिस्टर म्हणजे गुरुजी. ते ऐन वेळी येणार, मंत्र म्हणणार, सगळे त्यांच्याच पाया पडणार आणि त्यांची दक्षिणा वेगळी. कोर्टात तोंड उघडायचं ते बहुतेक वेळा त्यांनीच. आता आम्हालाही जादा परीक्षा देऊन वरच्या कोर्टात उभं राहता येतं, पण मामाने कितीही मंत्र पाठ केले तरी लोकांना गुरुजीच लागतात.

या बॅरिस्टरांचा एक नियम मला फार आवडतो. त्याचं नावच टॅक्सीच्या रांगेवरून पडलेलं आहे. रांगेतल्या पहिल्या टॅक्सीने समोर येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं, तसं बॅरिस्टरने आपल्या विषयातलं काम, वेळ मोकळा असेल आणि फी ठीक असेल तर, कोणाचंही असलं तरी घ्यायचं. माणूस आवडत नाही म्हणून नाही म्हणायचं नाही. मी पुण्याची आहे. कोथरूडला जायचं म्हटल्यावर मान फिरवणारे रिक्षावाले बघत मोठी झाले आहे. त्यामुळे हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला इंग्रजांबद्दल जो आदर वाटला तो त्याआधी वाटला नव्हता आणि नंतरही क्वचितच वाटला.

ब्रुनरना मात्र तो नियम फार लागला. एका जुन्या प्रकरणात हार्टली नावाचे एक बॅरिस्टर आमच्या बाजूने लढले होते. उंच, हळू बोलणारे, अतिशय सभ्य गृहस्थ. कारखाना पाहायला इंगोलश्टाटला आले, कँटीनमध्ये ब्रुनरच्या शेजारी बसून इथलं खास मांसाचं लेबरकेज खाल्लं, वर मोहरी मागून घेतली. काही वर्षांनी आमच्यावर नवा दावा लागला, आधीच्याशी काडीचा संबंध नसलेला, आणि समोरच्यांचे बॅरिस्टर कोण, तर हार्टली.

"पण त्याने आमचं लेबरकेज खाल्लंय!" ब्रुनर म्हणाले.

मी त्यांना टॅक्सीचं सांगितलं. ते म्हणाले, "फ्राऊ सबनीस, टॅक्सीवाला माझ्या घरी जेवत नाही." यावर इंग्लंडच्या कायद्यात उत्तर नव्हतं.

आता तो दावा. हीच गोष्ट मला सांगायची आहे, बाकीचं सगळं नमनाला घडाभर तेल होतं. कोर्ट उघडं होतं, ज्याला हवं तो येऊन मागच्या बाकावर बसू शकला असता, म्हणून कोर्टात घडलं ते सांगायला हरकत नाही. बंद दाराआड घडलं ते सांगणार नाही.

इंग्लंडमधली एक कंपनी थंड प्रदेशांत चालणारी अवजड वाहनं बनवायची. त्यांनी आमचे पंप घेतले. थंडीत त्या पंपांमधलं रबरी सील कडक होऊन गळायला लागलं. आम्ही म्हणायचो, माल थंडीत तपासूनच पाठवला, तुम्ही बसवताना चुकलात. ते म्हणायचे, तुम्ही सगळा माल तपासलाच नाही. एवढाच वाद. पण या एवढ्याशा वादासाठी आमच्या जर्मन इंजिनिअरांना आपल्या सगळ्या ईमेल समोरच्याच्या हातात द्याव्या लागल्या, कारण इंग्लंडमध्ये आपल्याविरुद्ध जाणारा कागदही आपणच काढून द्यायचा असतो. जर्मनीत हे कोणाला सांगून पटत नाही. एक इंजिनिअर माझ्याकडे बघून म्हणाला होता, "तुम्ही नक्की आमच्या वकील ना?"

आमचा मुख्य साक्षीदार होता डॉ. प्रशांत गावंडे. अकोल्याचा. दहावीला शाळेत पहिला, बारावीला कॉलेजात पहिला, पुढे इंजिनिअरिंगला सुवर्णपदक, मग इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट. वडील गणिताचे शिक्षक. मला ताई म्हणायचा, बायको आणि मुलीसह आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला यायचा. पंपाची रचना त्याने केली होती आणि सुरुवातीच्या चाचण्या त्याच्याच देखरेखीखाली झाल्या होत्या. त्या वर्षी त्याने एका हॉखशूलमध्ये, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं.

इंग्लंडमध्ये साक्षीदाराची साक्ष आधी लेखी घेतात. त्याच्याच शब्दांत, खाली सही. कोर्टात त्याच्या बाजूचा वकील त्याला जवळपास काही विचारत नाही. लेखी साक्ष हीच त्याची साक्ष. मग समोरचा बॅरिस्टर उलटतपासणी घेतो, तास, दोन तास, कधी दिवसभर. आणि शेवटी न्यायाधीश निकालात लिहितात की हा साक्षीदार कसा वाटला. जर्मनीत निकाल छापतात तेव्हा माणसांची नावं गाळून अक्षरं ठेवतात, साक्षीदार ग., साक्षीदार म. इंग्लंडमध्ये पूर्ण नाव. न्यायाधीशांनी लिहिलं की "अमुक यांच्यावर मला विसंबता आलं नाही", की ते वाक्य इंटरनेटवर कायमचं.

प्रशांतने असे निकाल शोधून वाचले होते. एक दिवस माझ्या ऑफिसात येऊन दार लावून घेतलं.

"ताई, हे असं नाव घेऊन लिहितात? आणि कोणीही गूगल केलं की दिसतं?"

"दिसतं."

"हॉखशूलवाले गूगल करतात."

"करत असतील."

"मग चूक होऊन चालणार नाही," तो म्हणाला. आणि इथेच चूक झाली.

साक्षीदाराला शिकवून तयार करायला इंग्लंडमध्ये सक्त मनाई आहे. काय विचारतील आणि त्याला काय उत्तर दे, हे आम्ही सांगू शकत नाही. पद्धत मात्र समजावून सांगता येते. पिंजरा कसा असतो, कोणाकडे बघून बोलायचं, पाणी मिळतं का. आणि एक गोष्ट आम्ही सगळ्यांनाच सांगतो, ती मी त्यालाही सांगितली. "प्रशांत, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. तिथे शून्य मार्क मिळत नाहीत."

"हो ताई," तो म्हणाला. वर्गातला हुशार मुलगा जसं म्हणतो तसं, ऐकून घेऊन आणि आत काहीही न पोचू देता.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको मंडळात भेटली. कौतुकाने म्हणाली, "अहो ताई, रोज संध्याकाळी वायवा घेतेय मी त्याची! अख्खी साक्ष पाठ झालीय, एक शब्द इकडचा तिकडे नाही." मी तिला वायवा थांबवायला सांगितली. तिने थांबवली असेलही, पण पाठ झालेलं परत विसरायचं कसं, हे आपल्याकडे कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत.

लंडनच्या हायकोर्टाच्या काचेच्या नव्या इमारतीत आम्ही पोचलो तेव्हा ब्रुनरची घोर निराशा झाली. कोणाच्याही डोक्यावर घोड्याच्या केसांचा टोप नव्हता. ज्युरीही नव्हती, व्यापारी दाव्यांत नसतेच. एक लांबट खोली, स्क्रीनच स्क्रीन आणि उंच जागेवर एक मध्यमवयीन न्यायाधीश बाई, चष्मा नाकाच्या टोकाला. आमच्या म्युनिकच्या बँकेची शाखा जरा जास्त गंभीर वाटते.

दुपारच्या जेवणानंतर प्रशांत पिंजऱ्यात गेला. शपथ घेतली. हार्टली उठले, नमस्कार केल्यासारखं हसले आणि सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टर गावंडे, तुमच्या लेखी साक्षीतल्या तेविसाव्या परिच्छेदात तुम्ही काय म्हणता ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

प्रशांतने तेविसावा परिच्छेद म्हणून दाखवला. स्वल्पविरामांसकट.

"छान पाठ केलंय," हार्टली म्हणाले. त्यात टोचणं अजिबात नव्हतं. ते खरोखरच कौतुक करत असावेत असं वाटलं आणि मला नेमकं तेच नको होतं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पहिल्या मालाची चाचणी कोणी घेतली? प्रशांतने. बरोबर. दुसऱ्या मालाची? प्रशांतने. तेही बरोबर. नंतरच्या मालाची? आता हे मला माहीत होतं की त्या वेळेपर्यंत प्रशांत दुसऱ्या प्रकल्पावर गेला होता आणि नंतरच्या चाचण्या आमच्याच दुसऱ्या कारखान्यात झाल्या होत्या, त्याच्या डोळ्यांआड. त्याचं खरं उत्तर "मला माहीत नाही" हे होतं. तेवढंच. आमच्या दाव्याचं त्याने फारसं बिघडत नव्हतं, त्या कारखान्याचा माणूस नंतर साक्षीला येणारच होता.

"त्याच पद्धतीने झाली," प्रशांत म्हणाला.

"तुम्ही पाहिलंत?"

"पद्धत ठरलेली होती. त्यामुळे हो."

"उणे तीसला?"

"उणे तीसला."

"प्रत्येक खेपेला?"

"प्रत्येक खेपेला."

"आणि ते थंड करण्याचं यंत्र नीट चालतंय का, हे कोण तपासायचं?"

प्रशांतने क्षणभर वर बघितलं. छताकडे, पाठ केलेलं आठवताना मुलं बघतात तसं. आणि एका माणसाचं नाव सांगितलं. तो माणूस तिथे काम करत होता हे खरं. हे काम तो करत होता का, हे प्रशांतला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण पेपर कोरा सोडायचा नाही, प्रश्न आला की काहीतरी लिहायचं, निदान पायऱ्यांचे मार्क मिळतात, हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याने दुसरं काय करायचं? हार्टली प्रत्येक उत्तराला आभार मानत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. आमची बॅरिस्टर माझ्या पुढे बसली होती आणि तिची मान हळूहळू खांद्यात जात होती.

संध्याकाळी कामकाज थांबलं तेव्हा साक्ष अर्धीच झाली होती. न्यायाधीश बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, की तुमची साक्ष पूर्ण होईपर्यंत या प्रकरणाबद्दल कोणाशीही बोलायचं नाही. हा नेहमीचा इशारा आहे. अशा साक्षीदाराला इंग्रज वकील आपापसात कोणता शब्द वापरतात माहीत आहे? पडदा. आपल्याकडच्या ज्या पडद्याबद्दल त्यांनी आपल्याला दीडशे वर्षं उपदेश केला, तो त्यांनी नेऊन हायकोर्टात लावला आहे.

तर प्रशांत पडद्यात गेला. नियम असा की त्याच्याशी हवापाण्यावर बोललं तर चालतं, दाव्याबद्दल एक अक्षर नाही. पण माझा स्वतःवर विश्वास नव्हता. तो समोर आला असता तर मी नुसतं "अरे" म्हटलं असतं आणि त्या "अरे"मध्ये सगळं आलं असतं. आम्ही एकाच हॉटेलात उतरलो होतो. मी जेवण खोलीत मागवलं. सकाळी नाश्त्याला खाली गेले तर तो टोस्टच्या यंत्रापाशी उभा. मला बघून त्याचा चेहरा उजळला, "ताई!" म्हणून तो दोन पावलं पुढे आला, आणि मी, साठीला टेकलेली बाई, हातात अंड्यांची बशी घेऊन वळले आणि चक्क पळाले. लिफ्ट येईना, तर जिन्याने. बशी हातातच. वर खोलीत दार लावून ती अंडी मी पलंगावर बसून खाल्ली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण एवढी वर्षं ज्या कायद्याची चाकरी केली त्याचा मला मनापासून राग आला. समोर आपलं माणूस खड्ड्यात चाललंय, त्याचं नाव जन्मभरासाठी खराब होणार आहे, आणि आपण काटा-चमचा शोधतोय.

कोर्ट सुरू झालं. हार्टली उठायच्या आत प्रशांतने हात वर केला. खरंच वर केला, वर्गात करतात तसा.

"माय लेडी, मला कालच्या उत्तरांबद्दल काही सांगायचंय."

न्यायाधीश बाईंनी हार्टलींकडे बघितलं. हार्टलींनी मान लववली आणि खाली बसले.

"पहिल्या दोन मालांबद्दल मी बोललो ते मला माहीत आहे," प्रशांत म्हणाला. "त्यानंतरच्या मालाबद्दल मला माहीत नाही. मी त्या चाचण्या पाहिल्या नाहीत. सगळ्या खेपा उणे तीसला तपासल्या का, मला माहीत नाही. यंत्र कोण तपासायचं, मला माहीत नाही. मी जे नाव सांगितलं तो अंदाज होता. त्या माणसाची मी माफी मागतो."

एवढं बोलताना त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याच्या तोंडून "मला माहीत नाही" हे वाक्य सुटताना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते. बहुधा तोही.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "धन्यवाद, डॉक्टर गावंडे. या खटल्यात आतापर्यंत मला कोणी सांगितलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. यापुढे तुम्ही जे माहीत आहे म्हणाल, ते तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालेन."

हार्टलींनी त्यानंतर फार थोडे प्रश्न विचारले. पकडायला काही उरलंच नव्हतं. पण आमचं नुकसान व्हायचं ते झालं होतं, आणि ते प्रशांतच्या खरेपणाने झालं नव्हतं. आदल्या दिवशी त्याने सगळ्या मालाची ग्वाही दिली होती आणि आता ती परत घेतली होती. या उलटापालटीत समोरच्यांना कळून चुकलं होतं की आमची दुखरी जागा कोणती. जेवणाच्या सुट्टीत हार्टलींनी आमच्या बॅरिस्टरला कॉरिडॉरमध्ये गाठलं. बाहेरच्या लोकांना कोर्ट म्हणजे निकाल वाटतो, पण तिथले बहुतेक दावे निकालाआधीच मिटतात, काही तर अगदी दारात. आमचा संध्याकाळपर्यंत मिटला. काय ठरलं ते सांगता येत नाही. ब्रुनरचा चेहरा सांगत होता.

"हे त्याला टाळता आलं असतं," ते टॅक्सीत म्हणाले.

"कुठलं? काल बोलला ते की आज बोलला ते?" मी विचारलं.

ब्रुनर मुळात चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "हो, काल बोलला ते."

विमानतळावर पडदा उठला होता, आता बोलायला मोकळीक होती. मी प्रशांतला कॉफी आणून दिली आणि विचारलं, "तुला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच की."

"मी? मी तर तुझ्याशी एक शब्द बोलले नाही!"

"तेच तर." तो हसला. "ताई, आपल्याकडे पेपर चांगला गेला की घरी आल्यावर सगळे विचारतात, कसा गेला, किती येतील. वाईट गेलाय हे घरच्यांना कळलं की कोणी विचारत नाही. आई नुसती ताट वाढते. सकाळी तुम्ही अंडी घेऊन जिन्याने पळालात, तेव्हाच मला कळलं की मी नापास झालोय. मग बसून विचार केला, कुठे ते."

मी नियम पाळला होता की मोडला होता? मी लंडनच्या दोन जुन्या मैत्रिणींना विचारलं, दोघी सॉलिसिटर. एक म्हणाली, अर्थातच पाळला. दुसरी इतकी हसली की तिचं उत्तर ऐकूच आलं नाही. मला विचाराल तर, पाळताना जितका त्रास झाला तितका मोडताना झाला नसता.

पुढची हकिकत थोडक्यात. कंपनीत प्रशांतला कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या मोठ्या प्रकल्पाच्या बैठकीला त्याला कोणी बोलावलंही नाही. जर्मन कंपनीत यापेक्षा स्पष्ट कोणी बोलत नसतं. ती प्राध्यापकाची जागा त्याला मिळाली नाही. ती दुसऱ्याच कोणाची आधीपासून ठरलेली होती म्हणे. वर्षभराने त्याने आपणहून नोकरी सोडली. आता उत्तरेकडे एका संशोधन संस्थेत आहे. बरा आहे. पण त्या सगळ्यात त्याच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

दावा मिटला म्हणजे निकाल नाही. निकाल नाही म्हणजे न्यायाधीश बाईंनी साक्षीदारांबद्दल काही लिहिलंच नाही. प्रशांतचं नाव गूगल केलं तर त्याचा प्रबंध दिसतो आणि अकोल्यातल्या दुसऱ्याच एका प्रशांत गावंडेचं मोबाइलचं दुकान. ज्या वाक्याला तो इतका घाबरला होता ते कुठेच नाही. पण त्याच्या धाडसाने जे वाक्य त्याला मिळवून दिलं, बाईंनी चष्मा काढून भर कोर्टात जे म्हटलं, तेही कुठेच नाही. ज्या देशाचा कायदा लिहून ठेवलेल्या निकालांवर चालतो, तिथे मी पाहिलेली सर्वांत सरळ साक्ष लिहायची राहून गेली.

म्हणून त्याची परवानगी काढून, पूर्ण नावानिशी, ती मी इथे लिहून ठेवते. डॉ. प्रशांत गावंडे यांनी लंडनच्या हायकोर्टात शपथेवर सांगितलं की मला माहीत नाही, आणि ते खरं होतं.